पूर्ण वाक्यात सांगा

अगं, बेल नको — हात खाली घे आधी. आणि हळू बोल, जिन्यात फार घुमतं सगळं. हो, माझंच दार आहे ते, किल्लीही आहे माझ्याकडे, ही बघ. हरवलेली नाही, कुलूप अडकलेलं नाही, कुणी मला घराबाहेर काढलेलंही नाही. बसलेय जरा. बाजारातून आले, पिशवी जड होती, बटाटे घेतले ना, म्हटलं दोन मिनिटं टेकावं. तूही टेक, ती खालची पायरी पुसलेली आहे. आणि कशाला आलीस ते सांगू नकोस, मला माहीत आहे. मुख्याध्यापकांनी पाठवलं. खाली टॅक्सी उभी आहे, सभा सुरू व्हायला आली आणि सगळे म्हणतायत बाईंना घेऊन या, बाई एकदा बोलल्या की व्याकरणाचा तास बंद करायची कुणाची छाती नाही — हो ना? मी येते म्हटलं होतं, तेही खरं. फोनवर अगदी ठणकावून म्हटलं होतं. पण नाही येत मी. तब्येतीचं कारण सांग. माझ्या नव्हे गं, मला काय धाड भरलीय? यांची तब्येत म्हणून सांग. खोटं नाहीच ते.

आतून येतोय तो आवाज? टीव्ही असेल. — नाही, टीव्ही नाही, उगाच कशाला सांगू. भावजी आलेत, माझे धाकटे दीर. दुपारी सायकलचं दुकान बंद केलं की भावापाशी येऊन बसतात. आणि दुसरा आवाज, तो जाड, अडखळणारा — तो यांचा. हो, यांचाच. शाळेत काय सांगितलं होतं तुला, बाईंच्या मिस्टरांची वाचा गेली? गेलीच होती. झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि त्याच्या जोडीनं बोलणंही गेलं. मग यायला लागलं परत. सगळं एकदम नाही, सुटंसुटं. ऐक — 'चाक' म्हणाले. ऐकलंस? भावजी हसले बघ. त्या दोघांचं जन्मभर दुसरं काय बोलणं होतं, चाक आणि ब्रेक आणि अमक्यानं पंप नेला तो परत दिला नाही.

तर मग आत का जात नाही, असं विचारणार आहेस. तोंडावर दिसतंय तुझ्या. जाईन की. त्यांचं होऊ दे जरा. दोन माणसांत तिसरं आलं की ते थकतात, आणि मी गेले की — नाही, काही नाही. थकतात म्हणून म्हटलं.

बरं, सभेचं बोल. तास बंद करा म्हणून कोण बसलंय हटून, ते नवे सर? काय म्हणणं आहे त्यांचं — पोर आईच्या कडेवर बसून बोलायला शिकतं तेव्हा त्याला कुणी कर्ता आणि कर्म शिकवतं का? नाही शिकवत. मग चूक काय आहे त्यांचं? बघू नकोस अशी. मी म्हणतेय हे, हो, मीच. तुम्हाला विभक्तीचे प्रत्यय झोपेतून उठवून विचारणारी बाई. सप्तमीचे प्रत्यय चुकले म्हणून कुणाला उपाशी राहावं लागलंय का आजवर? भाजीवाली काय प्रयोग ओळखून भाजी विकते? हे यांनी मला लग्न झाल्या झाल्या सांगितलं होतं. म्हणाले, 'बाई' — हे मला बाईच म्हणायचे, तुम्ही पोरं म्हणता म्हणून, चिडवायला — 'बाई, सायकल शिकवताना कोणी आधी चेन कशी बसवतात ते सांगत नाही. पोरगं बसतं, पडतं, ढोपर फोडून घेतं आणि चालवायला लागतं. चेन निसटली की मग येतं माझ्याकडे.' मी म्हटलं, दुकानदारी तुमची, शाळा माझी, तुम्ही तुमच्या चेनी बघा. केवढी भांडले मी त्यावरून! आणि ते हसत होते. हा माणूस इतका बोलका होता गं, दुकानात सायकल दुरुस्त करायला कमी आणि गप्पा मारायला जास्त यायचे लोक. पंक्चर काढायला अर्धा तास, आणि तो अर्धा तास गिऱ्हाईक बाकावरून उठायचं नाही. धड एक वाक्य सरळ नसायचं त्यांचं. अर्धं सोडायचे, दुसरं धरायचे, शेपटीकडून सुरू करून डोक्याशी आणायचे. आणि सगळ्यांना सगळं कळायचं. मला सोडून — म्हणजे कळायचं मलाही, पण मी कळू द्यायची नाही.

नियमच होता आमच्या घरात. तुला माहीत नसेल. जेवताना नुसतं 'मीठ' म्हटलं तर मीठ मिळायचं नाही. मीठ काय? मीठ गातं, मीठ नाचतं, मिठाचं झालं काय? पूर्ण वाक्यात सांगा. 'मला मीठ दे' म्हटलं की मीठ. आमची मुलगी त्यातच वाढली, तिला सवय होती, पण तिच्या मैत्रिणी जेवायला यायच्या ना, त्या बिचाऱ्या अळणी जेवून जायच्या भीतीपोटी. आणि हे एक नंबरचे बिलंदर! हे मुद्दाम म्हणायचे, 'बाई, तो मीठ इकडे सरकवा.' तो मीठ! मी ओरडायची, 'ते!' — आणि सगळं घर खो खो हसायचं. मग मी पण. खेळ होता गं तो आमचा. इतकी वर्षं खेळलो. पण असल्या खेळात दोघांनाही बोलता येत असावं लागतं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मला वाटलं, खेळ तोच आहे.

पायावरून मुंगी गेली तुझ्या. झटक ती. वरच्या मजल्यावरच्या काकू साखरेचा डबा घेऊन जिन्यातून जातात आणि सांडत जातात. — नाही गं, रडत नाहीये मी, इथे धूळ आहे.

एक मुलगी येते दवाखान्यातून, बोलण्याचे व्यायाम घ्यायला. तुझ्याएवढी असेल, लहानच. पहिल्या दिवशी तिनं मला बाजूला घेऊन बजावलं — आजी म्हणाली मला, असू दे — 'आजी, ते जे काही बोलतील ते घ्यायचं. एक शब्द आला तर एक, अर्धा आला तर अर्धा. चूक काढायची नाही.' मी हो म्हटलं. मनातून म्हटलं, तू शिकवणार मला? मग ती यांच्यासमोर चित्रं मांडायला लागली. एक मुलगा, एक चेंडू, एक फेकणारा हात. कोण? काय? काय करतो? आणि मी दारात उभी राहून बघतेय तर काय — हा तर माझा पाचवीचा पहिला तास! कर्ता कोण, कर्म कोणतं, क्रियापद शोधा. तोच तास, नुसती नावं काढून टाकलेली. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! तेव्हा तू मघाशी काय ते म्हणत होतीस ना, की त्या नव्या सरांना उत्तर काय द्यायचं — हे दे उत्तर. सांग, चालत्या सायकलीला गरज नसेलही, पण चेन निसटलेल्या माणसाला बोलतं करायला शेवटी हाच तास घ्यावा लागला. व्याकरण काही फुकट नाही. व्याकरणाचा काही दोष नाही यात. बिचाऱ्या व्याकरणानं काय केलं? उगाच त्याच्यावर कशाला ढकलायचं.

फरक फक्त एवढाच होता की हे 'मुलगा... चेंडू' एवढं म्हणून थांबले की ती म्हणायची, 'हो, मुलगा चेंडू फेकतो,' आणि पुढचं चित्र काढायची. राहिलेलं ती स्वतः म्हणायची. त्यांनी परत म्हटलं तर म्हटलं, नाही तर नाही. मला ते बघवेना. म्हटलं, ही आयतं वाक्य हातात देतेय, अशानं कधी शिकणार? मी इतकी वर्षं ढ मुलं बोलती केली, मला कोण शिकवणार कसं शिकवायचं ते! आणि ती येणार आठवड्यातून एकदा, घरात तर मी आहेच की दिवसभर. म्हणून ती गेली की मी माझा तास सुरू करायची. रोज सकाळी, चहा झाल्यावर. आणि त्यांना येत होतं गं! घाम यायचा कपाळावर, पण यायचं. 'मी बरा आहे' — हे वाक्य आलं. पूर्ण. मी टाळ्या वाजवल्या आणि ते हसले, डाव्या बाजूनं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तो पीळ उपयोगी पडतोय असं वाटलं मला. खरंच वाटलं. म्हणजे माझा हेतू — हेतूचं काय घेऊन बसायचं म्हणा.

मग गेल्या रविवारी जरासं बिनसलं. म्हणजे फार काही नाही. त्यांनी पाणी मागितलं, नुसतं 'पाणी' म्हणाले आणि मी सवयीनं म्हटलं, पाणी काय? पूर्ण वाक्यात सांगा. तेवढंच. त्याचा राग आला त्यांना, आणि आजारी माणूस जरा हट्टी होतोच, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. इतरांशी बोलतात. भावजींशी बोलतात, त्या मुलीशी बोलतात, दूधवाल्याशीसुद्धा काहीबाही बोलले परवा. मी खोलीत गेले की तोंडाला कुलूप. मान हलवतात, हो किंवा नाही. जेवतात, औषध घेतात, मी पाठ चोळायला घेतली तर चोळू देतात. बोलत नाहीत. आणि माझं काय झालं, सोमवारी बाजारातून आले, कुलपाला किल्ली लावणार तर आतून आवाज. दोघं बोलत होते. हे एवढे बोलत होते, एवढे शब्द, मी त्यातले कितीतरी ऐकलेच नव्हते अजून! किल्ली घातली असती की थांबले असते. म्हणून म्हटलं नको. थांबू जरा. मग मंगळवारीही — आता बाजारात आणायला काही उरलेलं नाही, बटाटे तर घरात ढीगभर आहेत. हे कालचेच बटाटे आहेत गं पिशवीत. जाताना घेऊन जाते, येताना घेऊन येते. भावजींना संशय नको.

काय? पाण्यावरून एवढं? हो, असं वाटतं खरं ऐकणाऱ्याला. पाण्यावरून एवढं कशाला कोण धरून बसेल. आणि हे तर नाहीच, हे कधी कुणावर डूख धरणारे नाहीत.

पाणी नव्हतं.

बस, बस खाली, उठू नकोस. टॅक्सीवाला थांबेल, मीटर चालू आहे त्याचा, त्याला काय. आता अर्धं सांगितलंच आहे. पाणी नव्हतं. आणि घरात आम्ही दोघंच नव्हतो. यांची दोन जुनी गिऱ्हाइकं आली होती भेटायला, पोस्टमन आणि कोपऱ्यावरचे बेकरीवाले. भावजी होते. बेकरीवाल्यांनी केक आणला होता मोठा. आणि मला काय सुचलं, तर मला त्यांना दाखवायचं होतं. तपासणीला साहेब आले की आपण वर्गातल्या कच्च्या मुलाला उभं करतो ना, बघा कसा तयार केलाय म्हणून? तसं. मी म्हटलं, सांगा हो यांना, कसे आहात तुम्ही. 'मी' म्हणाले आणि अडकले. मी ओठ हलवून दाखवले. नाही आलं. चारचौघांत नाही येत, मला कळायला हवं होतं, तपासणीच्या दिवशी हुशार मुलाची पण दातखीळ बसते. मी म्हटलं, जाऊ दे, चहा पिऊन होईपर्यंत आठवेल. आणि तेव्हा ते म्हणाले, 'बाथ.' मग परत, 'बाथ... बाथ.' खुर्चीचा हात धरून. आणि मी —

मला कळलं होतं गं. पहिल्याच वेळी कळलं होतं. हे लक्षात घे, न कळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी सांगितलं, मला समजलं, भाषेचं काम तिथे संपलं. त्यापुढे मी जे मागत होते त्याला व्याकरण म्हणायचं का? मला तर नाव सुचत नाही. मी म्हटलं, 'बाथरूमला काय? पूर्ण वाक्यात सांगा.' हसत म्हटलं. पाहुण्यांकडे बघत म्हटलं. कारण मला माहीत होतं की गरज असली की वाक्य येतं. तुम्हा मुलांचं यायचं की! करंगळी वर केली तर मी बाहेर सोडत नव्हते. 'बाई, मी बाहेर जाऊ का?' असं नीट विचारलं की सोडायची, आणि सगळे विचारायचे, पाय आवळत का होईना पण विचारायचे, पहिलीतलंसुद्धा पोर. तूही विचारायचीस. — कधी झालं होतं का तसं, एखाद्याला — नाही, राहू दे, आज नको सांगूस. आज मला तेवढं नको सांगूस.

त्यांनी प्रयत्न केला. रागावून बसले असते, ओरडले असते तर एक वेळ ठीक, पण त्यांनी प्रयत्न केला गं! 'मी' म्हणाले. 'मी... बाथ...' आणि क्रियापद शोधायला लागले. माझ्या तोंडाकडे बघत, मी ओठ हलवीन म्हणून. आणि मी मुद्दाम हलवले नाहीत. म्हटलं, येतंय, आता मध्ये पडू नये. आणि झालं मग. खुर्चीत. पायजमा, खुर्ची, खाली फरशीवर. पोस्टमन उठून खिडकीशी गेले. बेकरीवाले कपात बघत बसले, कप रिकामा होता. भावजींनी त्यांना उचललं, आत नेलं, सगळं भावजींनी केलं. मी पुढे झाले तर यांनी डावा हात असा आडवा धरला. मला नको म्हणून. एका शब्दानं नाही. त्या हातानं.

माफी? मागितली ना. रात्र होऊ दिली नाही, त्याच संध्याकाळी मागितली. पण कशी मागितली ते विचार. पलंगाशी उभी राहिले आणि म्हटलं, 'माझं चुकलं. मी पुन्हा असं वागणार नाही.' आणि म्हणता म्हणता मलाच ऐकू आलं — हे तर मी मुलांकडून घोकून घेत होते वर्गाबाहेर उभं करून! तेच वाक्य, तोच सूर. दुसरं येईना. इतके शब्द शिकवले जगाला आणि स्वतःच्या नवऱ्यासमोर मला तेवढं एकच वाक्य आलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. झोप लागली असं दाखवलं. मी पण झोप लागली असं समजले, म्हणजे दाखवलं.

त्या मुलीला सांगितलं नाहीये अजून, त्या दवाखान्यातल्या. सांगणार कुठल्या तोंडानं? ती परवा म्हणाली, आजी, छान प्रगती आहे, तुमच्याशी दिवसभर बोलत असतील ना, त्यानं फार फरक पडतो. मी हो म्हटलं. आमच्या मुलीला फोनवर सांगितलं, बाबा बरे आहेत. भावजींना सगळं माहीत आहे, ते एका शब्दानं बोलले नाहीत मला, वहिनी वहिनी करत येतात, जातात. त्यांनी काही बोलायला हवं होतं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. आणि तू म्हणतेस, सभेला चला. चला आणि सांगा सगळ्यांना की नियम कसे हवेत, शिस्त कशी हवी, मुलं अर्धवट बोलतात, भाषा बिघडत चाललीय. मी सांगीन गं. मला येतं ते सांगायला, उभी राहिले की आपोआप येईल, टाळ्यासुद्धा पडतील. तेच भय आहे. टाळ्या घेऊन मी घरी येईन आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असतील.

तू सांग तुला काय वाटतं ते. तास ठेवा म्हण, मी नाही म्हणत नाही. मुलांना वाक्याची अंगोपांगं माहीत असू देत, त्यात गोडी आहे, मला अजून आहे. फक्त एवढं सांग, की वर्गातलं वर्गात. पाणी मागणाऱ्याला आधी पाणी द्या. — हे काही भाषणात सांगण्यासारखं नाही, नाही का? हसतील लोक. म्हणतील, एवढं कोणाला सांगावं लागतं.

श्श. थांब. आवाज थांबला आतला.

ऐकलं वाटतं त्यांनी. मी जोरात बोलले का? तू सांगायचंस ना मला, मी बोलायला लागले की — पाय मागे घे, दाराखालून सावली दिसते. कोणीतरी येतंय. भावजीच आहेत, चपला घासत चालतात ते. आता काय सांगू मी त्यांना? ही माझी विद्यार्थिनी, इथेच भेटली जिन्यात, असं सांगू. खरंच आहे ते. उठव मला, हात दे, पाय आखडलेत —

भावजी! अहो, मी आत्ताच येत होते, ही माझी — काय आहे ते? खुर्ची? इथे जिन्यात कशाला आणली खुर्ची? कोणी — यांनी? यांनी सांगितली? त्यांना माहीत होतं? कधीपासून? — सोमवारपासून! अहो, मग तुम्ही मला — बरं. बरं. काय म्हणाले ते? नाही, मला त्यांचे शब्द सांगा, तुमचे नको. कसं म्हणाले तसं सांगा. 'ती... बाहेर... खुर्ची.' एवढंच? पुढे? — नाही! नको, थांबा, पुढे काही असेल तर सांगू नका. आत घे म्हणाले की बाहेरच बसू दे म्हणाले, ते तुम्ही लावू नका भावजी, पाया पडते तुमच्या, तुम्ही पूर्ण करू नका ते वाक्य. आहे तेवढं पुरे आहे. मला कळलं. इथे ठेवा, भिंतीला लावून. बसते मी. बघा, बसले. तुम्ही जा आत, ते एकटे आहेत. आणि दार... दाराचं काही म्हणाले का? नाही ना? मग राहू दे तसंच, अर्धं. लावू नका आणि उघडूही नका.

तू का उभी आहेस अजून? पिशवी घेऊन जा ती, बटाटे घेऊन जा घरी, मला नकोत. सांग तिकडे, बाई येत नाहीत. कारण विचारलं तर — काही सांगू नकोस. मला एवढंच बघायचंय, की दार उघडं असताना, मी इथे बसलेय हे माहीत असताना — श्श. खोकले. थांब, जिना उतरू नकोस, तुझ्या चपला वाजतात —

बोलले.

ऐकलंस ना? माझ्या देखत बोलले. काय बोलले? ते तुला कशाला हवंय? चुकीचं बोलले, पार चुकीचं. जा आता तू. जा म्हणते ना.